ट्रॅक्टर उलटू नये म्हणून झटलेल्या हॅरी फर्ग्युसनने रस्त्यावरच्या गाडीलाही फोर-व्हील ड्राइव्ह दिली

पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. लाल चिखल, गुडघाभर पाणी आणि त्यातून गुरगुरत बाहेर पडणारी फोर बाय फोर गाडी. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच सूर असतो. गाडी घ्यावी तर अशी, कुठेही घाला, काही होत नाही.

आणि त्याच पावसाळ्यात घाटातल्या एखाद्या वळणावर तशीच एक गाडी आडवी पडलेली दिसते. मग लोकांना प्रश्न पडतो, की चिखलातून लीलया निघणारी गाडी साध्या डांबरी वळणावर उलटते कशी?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव तुम्ही हजार वेळा वाचलंय, फक्त ते ट्रॅक्टरच्या बोनेटवर. मॅसी फर्ग्युसन. गावाकडे नुसतं मॅसी म्हणून भागवतात, त्यामुळे फर्ग्युसन बिचारा मागेच राहिला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी त्याचा काही संबंध नाही, ते नाव मुंबईच्या एका गव्हर्नरचं. हा गडी वेगळा. हा हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा पोरगा.

त्याने आयुष्यभर एकच कोडं सोडवलं. यंत्राला नुसती ताकद देऊन उपयोग नाही, ते जमिनीला धरून कसं राहील? आधी ट्रॅक्टरसाठी आणि मग कारसाठी.

शेती नको म्हणून गॅरेजमध्ये

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. उत्तर आयर्लंडच्या काउंटी डाऊनमध्ये ड्रोमोर गावाजवळ ग्रोवेल नावाची वस्ती आहे, तिथला. घरात अकरा भावंडं आणि वडील कडक शिस्तीचे. शेतातलं राबणं हॅरीला अजिबात आवडायचं नाही. १९०२ मध्ये त्याने घर सोडलं आणि बेलफास्टमध्ये भाऊ ज्यो याच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला.

इंजिन ट्यून करण्यात त्याचा हात लगेच बसला. मोटारसायकलच्या शर्यती खेळला, मग विमानाचं वेड लागलं. विमानांची प्रात्यक्षिकं बघून आला आणि स्वतःच विमान बांधायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो इथे त्याचं विमान जमिनीवरून उठलं आणि जेमतेम सव्वाशे मीटर उडालं. तेवढ्यावर तो आयर्लंडमध्ये विमान उडवणारा पहिला माणूस ठरला.

१९११ मध्ये त्याने स्वतःचा मोटारींचा धंदा टाकला. गाड्या विकता विकता ट्रॅक्टरही विकू लागला. ज्या शेतीपासून पळाला होता, ती फिरून त्याच्या दारात आली.

पुढून उठणारा ट्रॅक्टर

१९१७ साल. पहिलं महायुद्ध सुरू होतं. जर्मन पाणबुड्या अन्नधान्याची जहाजं बुडवत होत्या, त्यामुळे जास्तीत जास्त जमीन नांगरणं गरजेचं होतं. सरकारने आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारण्याची जबाबदारी फर्ग्युसनवर टाकली. विली सँड्स या आपल्या कसबी मेकॅनिकला घेऊन तो शेतोशेत फिरला.

तिथे त्याने जे पाहिलं, त्यातून त्याच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी घोडा. घोड्यामागे नांगर जुंपायचा तसाच ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा दांड्याने जोडायचे. पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर टनावारी जड करायचे. त्या वजनाने जमीन दाबली जायची आणि तरीही ओल्या रानात चाकं जागच्या जागी फिरायची.

पण खरा धोका वेगळा होता. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडात किंवा मुळात अडकला की नांगर जागेवर थांबायचा. इंजिन मात्र मागची चाकं फिरवतच राहायचं. चाकं पुढे जाऊ शकत नाहीत म्हटल्यावर ती ताकद जाणार कुठे? मग चाकांऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागच्या एक्सलभोवती फिरायचं. पुढची चाकं हवेत उठायची आणि काही क्षणांत ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्यावर पडायचा. उडी मारायलाही वेळ मिळायचा नाही. युद्धानंतर हेन्री फोर्डचा स्वस्त फोर्डसन ट्रॅक्टर लाखोंच्या संख्येने शेतात उतरला आणि अशा मृत्यूंमुळे बदनामही झाला.

आपल्याकडेही उसाची ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलला गेल्याचं अनेकांनी पाहिलं असेल. भानगड तीच आहे.

फर्ग्युसनचं म्हणणं होतं की चूक जोडण्यात आहे. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रं नाहीत, ते एकच यंत्र म्हणून वागले पाहिजेत.

तीन दांड्यांची करामत

यावर तो वर्षानुवर्षं घासत राहिला. १९२० च्या दशकात त्याने हायड्रॉलिक लिफ्टचं पेटंट घेतलं आणि जोडणीची रचना सुधारत सुधारत तीन दांड्यांवर आणली. खाली दोन, वर एक. आज कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा, दोन लोअर लिंक आणि एक टॉप लिंक दिसेल. ही त्याची देणगी.

ती काम कशी करते? नांगर मातीतून ओढला जातो तेव्हा माती त्याला खालून अडवते. त्यामुळे नांगर नाकावर पुढे पडायला बघतो आणि टॉप लिंकला पुढे ढकलतो. हा धक्का ट्रॅक्टरच्या वरच्या अंगाला बसतो आणि त्याची पुढची बाजू खाली दाबतो. म्हणजे जो नांगर ट्रॅक्टरला मागे उलटवायचा, तोच आता त्याला पुढून जमिनीवर दाबून धरतो.

शिवाय नांगराचं वजन आणि त्यावरचा मातीचा दाब मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही भारी ट्रॅक्टरसारखी पकड मिळते. माती कडक लागली की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, तो हायड्रॉलिकला कळतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. फाळ दगडात अडकलाच तर चाकांवरचा हा वाढीव भार निघून जातो. चाकं नुसती जागेवर फिरतात, ट्रॅक्टर उलटत नाही.

इथे जी गोष्ट फर्ग्युसनला कळली, ती आजच्या प्रत्येक एसयूव्हीवाल्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पकड इंजिनातून येत नाही. चाकावर वजन किती आणि खालची जमीन कशी, यावर ती ठरते. आणि गाडी चालत असताना हे वजन एका जागी राहत नाही. ब्रेक मारला की पुढे जातं, ॲक्सिलरेटर दाबला की मागे जातं, वळण घेतलं की बाहेरच्या बाजूला जातं.

फोर्डशी नुसतं हस्तांदोलन

१९३३ मध्ये त्याने स्वतःचा पहिला ट्रॅक्टर बनवला. काळ्या रंगाचा, म्हणून ब्लॅक ट्रॅक्टर. तो आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९३६ पासून डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यात फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर बनू लागला. पण तो महाग पडत होता आणि जेमतेम साडेतेराशे बनले.

मग फर्ग्युसनने थेट अमेरिका गाठली. ऑक्टोबर १९३८ मध्ये हेन्री फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या जमिनीवर त्याने आपला छोटा ट्रॅक्टर चालवून दाखवला. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता, त्याला एका नजरेत सगळं कळलं. दोघांनी टेबलाशी बसून हात मिळवले आणि करार पक्का झाला. वकील नाही, कागद नाही. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत तीन लाखांच्या आसपास विकला गेला.

पण तोंडी करार माणसं असेपर्यंतच टिकतो. म्हातारा फोर्ड बाजूला झाला, नातू हेन्री फोर्ड दुसरा याच्या हाती कारभार आला आणि त्याने हा व्यवहार मोडला. फोर्डने तशाच हायड्रॉलिकचा आपला ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसनने १९४८ मध्ये २५.१ कोटी डॉलर्सचा दावा ठोकला. चार वर्षं खटला चालला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली. मागितलं त्याच्या मानाने किरकोळ, पण पेटंट आपलं होतं हे त्याने जगाला दाखवून दिलं.

करडा फर्गी

कोर्टकज्जे चालू असतानाच इंग्लंडमध्ये त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर जोरात होता. १९४६ पासून कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात टीई-२० बनू लागला. करड्या रंगामुळे लोक त्याला लाडाने लिटल ग्रे फर्गी म्हणायचे. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले आणि जगभर गेले. भारतातही आले.

फर्ग्युसन जाहिरातबाजीतही कच्चा नव्हता. १९४८ मध्ये लंडनच्या क्लॅरिजेस या उंची हॉटेलात त्याने चक्क पायऱ्यांवरून ट्रॅक्टर उतरवून दाखवला. कडक इस्त्रीतली मंडळी बघत राहिली. पुढे एडमंड हिलरीने तर अशाच ट्रॅक्टरांना पट्टे बसवून बर्फ तुडवला आणि ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुव गाठला.

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत दहा लाख डॉलर्सचा फरक पडत होता, तर नाणं उडवून निकाल लावला. फर्ग्युसन हरला. हसून सोडून दिलं. पण नव्या कंपनीच्या लोकांशी त्याचं जमलं नाही आणि वर्षभरात तो बाहेर पडला.

वयाची सत्तरी आलेली, गाठीला भरपूर पैसा. दुसरा कोणी असता तर बागेत खुर्ची टाकून बसला असता. पण त्याच्या डोक्यात तोवर कार शिरली होती.

आता कारची पाळी

१९५० मध्येच त्याने हॅरी फर्ग्युसन रिसर्च ही कंपनी काढली होती. सोबत दोन भन्नाट माणसं. एक फ्रेडी डिक्सन, मोटारसायकल आणि कार शर्यतींतला जुना खेळाडू. दुसरा मेजर टोनी रोल्ट, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डित्झ किल्ल्यात कैदी असलेला आणि १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेला. पुढे ॲस्टन मार्टिनच्या गाड्या घडवलेला क्लॉड हिल त्यांना येऊन मिळाला.

ध्येय एकच. साध्या माणसाची रोजची कार ओल्या रस्त्यावर घसरू नये. त्यासाठी इंजिनाची ताकद दोन चाकांऐवजी चारही चाकांवर वाटायची. एका चाकावर कमी ओढ आली की ते घसरण्याची शक्यताही कमी.

पण फोर-व्हील ड्राइव्ह तर तेव्हाही होती. मग त्यात नवीन ते काय?

जीप डांबरावर का अडते

महायुद्धात विलीजची जीप जगभर गाजली. तीच जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. तिच्यात एक जास्तीचा गिअर होता. तो टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट बांधले जायचे. चिखलात हे वरदान. पण डांबरी रस्त्यावर डोकेदुखी.

का, ते समजून घ्यायला बैलगाडी आठवा. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. बैलगाडीची दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात, म्हणून अडचण येत नाही. कारमध्ये हेच काम डिफरन्शियल करतं. एकाच इंजिनावर चालणाऱ्या दोन चाकांना ते वेगवेगळ्या गतीने फिरू देतं.

पण वळताना फरक फक्त डाव्या-उजव्या चाकांत नसतो. पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. म्हणजे पुढच्या एक्सललाही मागच्यापेक्षा जास्त फिरावं लागतं. दोन्ही एक्सल बांधलेले असले तर हा फरक कुठे तरी निघायलाच हवा. चिखलात, वाळूत चाक जरासं घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग शाफ्ट आणि गिअर पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायला नकार देत सरळ जायला बघते.

आजही बऱ्याच पिकअप आणि ऑफ-रोड एसयूव्हींमध्ये हीच व्यवस्था आहे. म्हणून अशा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की फोर-हाय आणि फोर-लो घसरड्या जमिनीवरच वापरा. चिखल संपला, रस्ता लागला की टू-हाय. अनेक जण हे विसरतात आणि मग गाडीतून आवाज येतो म्हणून मेकॅनिककडे जातात.

फर्ग्युसनच्या टीमने पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये तिसरं डिफरन्शियल घातलं. आता वळताना दोन्ही एक्सल आपापल्या गतीने फिरू शकत होते. चारही चाकांना ताकद कायम मिळत राहायची, चालकाने कुठलाही गिअर टाकायची गरज नाही.

मात्र नुसतं डिफरन्शियल घातलं तर नवी भानगड. डिफरन्शियल आळशी माणसासारखं असतं, जिकडे सोपं तिकडे जातं. एक चाक चिखलात फिरलं की सगळी ताकद तिकडेच वाहून जाते आणि बाकीची तीन चाकं बसून राहतात. म्हणून मधल्या डिफरन्शियलवर लगाम बसवला. पुढच्या-मागच्या गतीत वळणापुरता फरक चालेल, त्यापलीकडे गेला की दोन्ही एक्सल आपोआप जोडले जातील. ही झाली फर्ग्युसन फॉर्म्युला.

चालणं वेगळं, थांबणं वेगळं

या लोकांचं दुसरं शहाणपण म्हणजे त्यांनी ब्रेकचा विचार सोबतच केला.

फोर-व्हील ड्राइव्हचा फायदा गाडी पुढे काढताना होतो. उभी गाडी हलवताना, चढ चढताना, वळणातून बाहेर पडताना. थांबताना मात्र तिचा तसा उपयोग नाही, कारण ब्रेक तर साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. उलट फोर बाय फोर गाडी जड असते, आणि जड गाडीच्या ब्रेकना जास्त जोर शोषावा लागतो. ओल्या रस्त्यावर ती झटकन वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. कळतं ते ब्रेक दाबल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

फर्ग्युसनच्या कंपनीने म्हणून डनलॉपची मॅक्सारेट ही व्यवस्था गाडीत बसवली. ती मूळची विमानासाठी बनलेली. चाक ब्रेकमुळे जाम व्हायला लागलं की ब्रेक क्षणभर सैल करायचा, पुन्हा धरायचा. आज ज्याला एबीएस म्हणतात, त्याचीच ही यांत्रिक थोरली बहीण.

उंचीचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. गाडी वळणावर उलटते कशी?

फोर्डसन मागे उलटायचा आणि एसयूव्ही बाजूला उलटते, पण गणित सारखंच आहे. वळताना टायर गाडीला जमिनीच्या पातळीवर आत ढकलतात. गाडीचा भार मात्र वर, गुरुत्वमध्यापाशी असतो आणि तो सरळ पुढे जायला बघतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी गाडीला बाहेर कलंडवणारी ओढ मोठी. याच्या विरोधात उभी असते ती दोन चाकांमधली रुंदी.

अमेरिकेची रस्ता सुरक्षा यंत्रणा हाच हिशेब मांडते. डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराचं निम्मं घ्यायचं आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. साध्या कारचं उत्तर साधारण १.३ ते १.५ येतं. एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनचं १.० ते १.३. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर कलंडणार.

व्यवहारात याचा अर्थ असा, की कार जोरात वळवली तर बहुतेक वेळा आधी टायर घसरतात, गाडी फिरते, पण चाकांवर राहते. उंच गाडीकडे तेवढी शिल्लक नसते. त्यात घसरणारं चाक दुभाजकाला, साइडपट्टीच्या मऊ मातीत किंवा गटाराच्या कडेला अडलं की तिथेच ठेच लागते आणि गाडी लोळते. टपावरच्या कॅरिअरवर सामान चढवलं की गुरुत्वमध्य आणखी वर जातो.

चाकांना ताकद दोन ठिकाणी जाते की चार, याचा या उंचीच्या हिशेबाशी काहीही संबंध नाही. फोर बाय फोर गाडी चिखलातून काढेल, पण तिचा गुरुत्वमध्य खाली आणणार नाही. खडकांवर बूड घासू नये म्हणून दिलेली उंची आणि खड्डे गिळण्यासाठी दिलेलं लांब, मऊ सस्पेन्शन, ऑफ-रोडला कामी येणारे हेच दोन गुण वेगात घेतलेल्या वळणावर अंगाशी येतात. हल्लीच्या गाड्यांतलं स्टॅबिलिटी कंट्रोल एकेक चाकाचा ब्रेक धरून गाडी सावरायला मदत करतं, पण भौतिकशास्त्र त्यालाही बदलता येत नाही.

पिकअपची तऱ्हा आणखी निराळी. तिचे मागचे पाटे हौद्यात टनभर माल असेल असं धरून कडक केलेले असतात. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं. पाटे दबत नाहीत, खड्ड्यावर मागची बाजू उडते, ओल्या वळणावर शेपूट बाहेर जातं. माल भरला की पकड येते, पण थांबायला लागणारं अंतर वाढतं. एकाच गाडीला सकाळी एक स्वभाव, संध्याकाळी दुसरा. हलक्या ट्रॅक्टरला नांगराच्या ओढीतून वजन मिळवून देणाऱ्या फर्ग्युसनला हे गणित पाठ होतं.

जिंकला, पण नंतर

फर्ग्युसनच्या कंपनीने नमुन्याच्या गाड्या बनवल्या आणि मोठमोठ्या कार कंपन्यांना दाखवल्या. गाडी चांगली आहे हे मान्य, पण खर्च वाढतो, वजन वाढतं, गिऱ्हाईक यासाठी पैसे मोजेल का? कोणी तयार झालं नाही. ज्या माणसाने ट्रॅक्टरचं जग बदललं, त्याची कार कारखान्याच्या दारातच अडून राहिली. शेवटच्या काळात नैराश्यानेही त्याला ग्रासलं होतं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशरमधल्या ॲबट्सवुड या आपल्या घरी तो गेला. वय ७५. त्याच्या पद्धतीची एकही कार तोवर गिऱ्हाइकाला विकली गेली नव्हती.

त्यानंतर वर्षही उलटलं नाही, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये इंग्लंडच्या औल्टन पार्कवर गोल्ड कप शर्यत होती. ट्रॅक ओला होता. स्टर्लिंग मॉस फर्ग्युसन पी-९९ ही चार चाकांवर चालणारी फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरला आणि शर्यत जिंकला. शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या गुणांत धरली जाणारी नव्हती, पण फॉर्म्युला वनच्या शर्यतीत फोर-व्हील ड्राइव्ह गाडीने मिळवलेला तो एकमेव विजय आहे.

१९६६ मध्ये जेन्सन एफएफ आली. नावातले दोन एफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. रस्त्यासाठी बनवलेली, विक्रीला आलेली पहिली फोर-व्हील ड्राइव्ह कार, त्यात मॅक्सारेट ब्रेकही. पण किंमत अफाट आणि यंत्रणेची मांडणी अशी की स्टिअरिंग फक्त उजवीकडेच बसायचं. म्हणजे अमेरिकेची बाजारपेठ बंद. १९७१ पर्यंत ३२० गाड्या बनल्या आणि संपलं.

कल्पना मात्र संपली नाही. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये मधलं डिफरन्शियल आणि कायमची फोर-व्हील ड्राइव्ह होती. रोल्टने फर्ग्युसनचं काम पुढे चालवलं आणि त्यातून सिलिकॉन तेलावर चालणारं व्हिस्कस कपलिंग अमेरिकेच्या एएमसी ईगलपर्यंत पोचलं. त्याच सुमारास, १९८० मध्ये, ऑडीने क्वाट्रो आणली आणि फोर-व्हील ड्राइव्ह फक्त जीपसाठी नसते हे सगळ्यांनी मान्य केलं. आज शोरूममध्ये ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणून जे विकलं जातं, त्याची वाट याच माणसांनी पाडली.

भारतात १९६० मध्ये, म्हणजे फर्ग्युसन गेला त्याच वर्षी, चेन्नईत टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्या रानात रुळला. त्याच्या टॉप लिंकवर आजही विदर्भापासून कोल्हापूरपर्यंत नांगर आणि रोटाव्हेटर चालतात.

या माणसाने फोर-व्हील ड्राइव्ह मागितली ती कुठेही गाडी घालायला नाही, तर साधी गाडी पावसात सरळ घरी यावी म्हणून. म्हणून फोर बाय फोरची चावी हातात असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. फोर-हाय टाकून कोरड्या डांबरावर फिरू नका. पावसात पुढच्या गाडीपासून कारवाल्यापेक्षा जास्त अंतर ठेवा. आणि घाटाचं वळण यायच्या आधीच वेग उतरवा, वळणात शिरल्यावर नाही.